कोपऱ्यातला वस्ताद

फोटो किती फिका करायचा, हे मला पेंटरकाकांनी शिकवलं. माणूस नुकताच गेला असेल तर अगदी थोडा फिका, कारण घरच्यांना अजून पटलेलं नसतं. वर्षश्राद्धाला त्याहून जरा जास्त. आणि आजोबा-पणजोबा असतील तर मागच्या आकाशात मिसळून गेले पाहिजेत, नुसत्या मिशा दिसल्या तरी पुरे. हे कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत. मी परळीला सहा महिने डिझायनिंगचा क्लास केला, तिथं कुठलं बटण कुठं असतं एवढंच सांगितलं. कुठला माणूस कुठं असतो, ते मी सिरसाळा गावातल्या फ्लेक्सच्या दुकानात शिकले.

काका मूळचे ब्रशचे पेंटर. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या मागची वाक्यं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सगळं त्यांच्या हातचं. मग फ्लेक्स आला आणि बघता बघता त्यांचा ब्रश वाळून गेला. दुसरा कोणी असता तर फ्लेक्सवाल्याच्या नावानं बोटं मोडत घरी बसला असता. काका सरळ फ्लेक्सवाल्याच्याच दुकानात येऊन बसले. "तुमच्या मशीनला अक्कल न्हाई, ती मी देतो," असं त्यांनी रशीदभाईंना ठणकावून सांगितलं, आणि रशीदभाईंनी ते मुकाट्यानं मान्य केलं.

रशीदभाई आमचे मालक. ते गॅरेजवाले मेकॅनिक होते आणि त्यांना बंद पडलेल्या यंत्राचा मोह आवरत नसे. कुठं काही बंद पडलंय असं कळलं की ते आणायचं, चालू करायचं आणि मग त्याचं करायचं काय याचा विचार करायचा. फ्लेक्स छापायची मशीन अशीच आली. ती चालू झाल्यावर चालवायला मी आले. दुकानात आम्ही तिघंच. मी कॉम्प्युटरवर, रशीदभाई मशीनच्या पोटात डोकं घालून, आणि काका माझ्या पाठीमागं प्लास्टिकच्या खुर्चीत. कानावर सहा नंबरचा कोरडा ब्रश कायम. पेन लागलं तरी ते कानाला हात लावायचे आणि हातात ब्रश आला की तो परत कानावर ठेवायचे.

आमच्याकडच्या फ्लेक्सवर चाळीस-चाळीस माणसं असतात. ज्याचा वाढदिवस तो मधोमध, हे शेंबड्या पोरालाही कळतं. उरलेल्या एकोणचाळिसांचं काय? कोण कोणाच्या खांद्याशी, कोणाचा चेहरा नाण्याएवढा आणि कोणाचा ताटाएवढा, कोणाचे हात जोडलेले आणि कोणाचा हात वर, यावरून आमच्या भागात सोयरिकी मोडल्यात. काकांना हे सगळं पाठ होतं. पण त्यांचा खरा जीव वरच्या दोन कोपऱ्यांत.

"मधी कुनी बी बसतंय, बाई," ते म्हणायचे. "कोपरा सांभाळ. वरच्या कोपऱ्यात देव, न्हाईतर गेलेली मानसं. जित्या मानसानं तिथं पाय ठिवायचा न्हाई."

एकदा एक पुतण्या आला. गळ्यात साखळी, मागं चारपाच मोटारसायकली. त्याला चुलत्याचा फोटो वर कोपऱ्यात पाहिजे होता, जरा धुरकट, आशीर्वाद देत असल्यासारखा.

"चुलते गेले का?" काकांनी विचारलं.

"न्हाई. घरी हायेत. जेवत आसतील."

"मग जेवत्या मानसाला कावून मारता?"

"ए म्हाताऱ्या, फ्लेक्स आमचा हाय."

"फ्लेक्स तुमचा आसंल. चुलता सगळ्या गावाचा हाय."

पुतण्या चिडला, पोरं पुढं सरकली, रशीदभाई पाना हातात घेऊन मशीनच्या मागून उठले. काका खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत. शेवटी चुलत्यांना पुतण्याच्या खांद्याशी, भरपूर रंगात, हसताना छापलं. मी तर त्यांचे दातसुद्धा उजळले.

त्यांचा दुसरा वेडेपणा श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचा. असा फ्लेक्स चौकात लागला की काका येताजाता त्याला नमस्कार करायचे, ओळख असो वा नसो. आणि तेरावं उलटलं तरी घरच्यांनी तो काढला नाही, तर चौदाव्या दिवशी स्वतः शिडी लावून उतरवायचे. आमच्याकडं जुना फ्लेक्स फुकट जात नाही. कडब्याच्या गंजीवर टाकतात, गाडीवर बांधतात, मेंढपाळ पालावर आणि कोकरांच्या डालग्यावर घालतात. बाजारच्या दिवशी मेंढपाळ दुकानात मागायलाच यायचे. काका त्यांना वाढदिवसाचे द्यायचे, निवडणुकीचे द्यायचे, शुभेच्छांचे तर गठ्ठेच द्यायचे. श्रद्धांजलीचा मात्र एकही नाही. ते घडी करून माळ्यावर. "गेलेल्याच्या तोंडावर पाऊस पडू दिऊ ने," म्हणायचे. माळा भरला तेव्हा रशीदभाई वैतागले, पण एक फ्लेक्स उलगडून बघितला तर त्यांचेच मेव्हणे निघाले. त्यानंतर त्यांनी माळ्याचं नाव काढलं नाही.

आता सिनेमाकडं येते.

दुकानाला लागून एक रिकामं गोदाम होतं. रशीदभाईंनी कुठूनसा बंद पडलेला प्रोजेक्टर आणला, अर्थातच चालू केला, आणि बाजारच्या दिवशी दुपारी एकचा खेळ सुरू झाला. परवान्याचं मला विचारू नका. खिडक्यांना आमचेच जुने फ्लेक्स ठोकले होते, पडदा म्हणजे पांढरा कोरा फ्लेक्स. बाजार दुपारपर्यंत आटपतो आणि गाड्या चारला निघतात. मधल्या वेळेत शेळ्या-मेंढ्या विकून मोकळी झालेली माणसं जाणार कुठं? ती गोदामात यायची, बायामाणसंसुद्धा, बसायला पोतं घेऊन.

रशीदभाई जे मिळेल ते लावायचे, आणि त्यांना नेमका मिळायचा तो दुसरा भाग. मागचं कोणालाच माहीत नसायचं. तेव्हा काका उठले. "मागचं मी सांगतो," म्हणाले.

तेव्हापासून प्रथाच पडली. दिवे गेले, पडदा उजळला की काका त्या उजेडात उभे राहायचे आणि पहिला भाग सांगायचे. गंमत अशी की पहिला भाग त्यांनी कधी पाहिलेला नसायचा. दुसराही नाही. ते फक्त पोस्टर बघायचे. चहा घेत अर्धा तास बघायचे, आणि कोण कोणाचा कोण, कोण दगा देणार, कोणाचं लग्न मोडलेलं, सगळं त्यातून काढायचे. "पाठ करून उभा हाय, हा फितूर होनार," म्हणाले की तो फितूर व्हायचाच. पाचसहा सिनेमे त्यांनी असे बिनचूक सांगितले. लोक पुढं पुढं काकांसाठीच यायला लागले आणि सिनेमा सुरू झाल्यावर तंबाखू मळायला लागले. मी एकदा विचारलं, एवढा उत्साह येतो कुठून? ते सहज म्हणाले, "ब्रश गेला, बाई. आता जीभच तेवढी राह्यली."

मग तो सिनेमा आला. परदेशी, हिंदीत डब केलेला, भाग दुसरा. पोस्टरवर मधोमध एक पोरगी, दोन्ही हातांत लांब पाती, डोळ्यांत आग. ती रक्त पिणाऱ्यांची शिकार करणारी. पायाशी पांढऱ्या तोंडाची, सुळेवाली माणसं पडलेली. आणि वर डाव्या कोपऱ्यात, धुक्यात, एक दाढीवाला म्हातारा. फिका.

काका म्हाताऱ्याकडं बघून हळहळले. "वस्ताद हाय हिचा. पहिल्या भागात गेला."

"काका, ते परदेशी लोक," मी म्हणाले. "त्यांना आपला कोपरा माहीत नसेल."

"मेलेल्याचा कायदा समद्या मुलखात येकच आसतोय," ते म्हणाले, आणि मलाही ते पटलं. खोटं कशाला सांगू?

त्या दुपारी काकांनी जो पहिला भाग सांगितला, तसा त्यांनी आधी कधी सांगितला नव्हता.

"परमुलखात येक गाव हाय," त्यांनी सुरुवात केली. "तिथं ऊन कमी. म्हनून ही जात तिथं वाढली. भूत न्हाई बरं का! भुताला रगत लागत न्हाई. ही मान्सातली गोचीड. दिवसा पेटीत निजतेत, अंधार पडला की चिकटतेत."

मेंढपाळांना गोचीड काय ते सांगायला नको. सगळे सावरून बसले.

"आपल्याकडं कशी न्हाईत ती?" कोणीतरी विचारलं.

"आलती की दोघं. वैशाखात. तेलगावच्या फाट्यावर उतरली अन् तिथंच राख झाली. अन् सावलीसावलीनं कुनी आलंच, तर आपल्या मान्साच्या गळ्याला तोंड लावताच लसनाच्या ठेच्याचा आसा भपका बसतोय, की पुन्हा या जिल्ह्याचं नाव काढनार न्हाई."

हशा झाला. मग काकांनी आवाज उतरवला. ती पोरगी अनाथ, वस्तादानं तिला वाढवलं, पातं धरायला शिकवलं. शेवटी दोघं एका तळघरात सापडली, चहूकडून गोचिडं. वस्तादानं पोरीला बाहेर ढकललं आणि दार आतून लावून घेतलं.

"ती भाईरून दार बडवतीय. वस्ताद आतून म्हनतो, जा. उजाडलं की तुझंच राज हाय. जा, मागं बघू नको."

सोपाननाना म्हणून एक म्हातारे मेंढपाळ कायम पुढच्या पोत्यावर बसायचे, ते पटक्याच्या टोकानं डोळे पुसत होते. पडद्यावर रक्ताचा एक थेंब दिसायच्या आत अर्धं गोदाम रडत होतं. काका बाजूला झाले, सिनेमा सुरू झाला.

आणि दहाव्या मिनिटाला दार उघडून तो दाढीवाला म्हातारा आत आला. धडधाकट. कोट काढून खुंटीला अडकवला आणि पोरीला म्हणाला, कॉफी आहे का?

आधी कोणाला काही कळलंच नाही. मग सोपाननाना ओरडले, "आरं हा तर मेलता की!"

पुढचं झालं ते आमच्याच लोकांच्या हातून होऊ शकतं. माणूस मेला हे त्यांनी डोळ्यांनी नसलं तरी काकांच्या तोंडून पाहिलेलं होतं. मेलेला माणूस परत आला, म्हणजे काय? म्हणजे हाही गोचीड झाला! तिथून सिनेमाभर गोदाम त्या म्हाताऱ्याच्या मागं लागलं. तो पोरीच्या जवळ गेला की "पोरी, मागं बघ!" त्यानं तिच्या जखमेला पट्टी बांधली की "रगताचा वास घेतोय बे!" तो उन्हात उभा राहिला तेव्हा एकानं समजूत काढली, "तिकडचं ऊन कमी हाय, चालतंय त्यान्ला." शेवटी तो बिचारा पोरीसाठी स्वतःच्या अंगावर वार घेतो, तरी कोणाचा विश्वास बसेना. दिवे लागले तेव्हा कुठं सगळ्यांच्या ध्यानात आलं, की म्हातारा पहिल्यापासून शेवटपर्यंत देवमाणूस होता.

कोणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सोपाननाना उठले, काकांसमोर आले आणि शांतपणे म्हणाले, "पेंटर, तुमी आमाला येका भल्या मानसावर संशय घ्यायला लावला."

काकांनी तोंड उघडलं. "तो कसा वाचला ते मी सांगतो..." एवढं म्हणाले आणि पुढं शब्दच येईना. बाजारभर ज्याची जीभ चालायची तो माणूस उजेडात उभा राहून नुसता ओठ हलवत होता. मला त्यांची लाज वाटली, हे मी लपवत नाही. मी मशीनचं निमित्त काढून दुकानात निघून गेले. जाऊन त्यांच्याजवळ उभं राहायला पाहिजे होतं.

रशीदभाई मऊ स्वभावाचे, तरी म्हणाले, "पेंटरसाब, फुडच्या बाजारापासून डायरेक पिच्चर लावू. पब्लिक नाराज हाय."

काकांनी मान हलवली. चार दिवसांनी ते धर्मापुरीला लेकीकडं राहायला गेले. जाताना कानावरचा ब्रश काढून माझ्या टेबलावर ठेवला. "तुला र्‍हाऊ दे," म्हणाले. पुढं थोड्याच दिवसांत मीही सिरसाळा सोडलं आणि बीडला स्वतःचं दुकान टाकलं. धर्मापुरी काही सातासमुद्रापार नाही. दर महिन्याला ठरवायचे, या रविवारी जाऊन येऊ. रविवारी लग्नाचे फ्लेक्स असायचे. असे दोन पावसाळे गेले.

मग एक दिवस रशीदभाईंचा फोन आला.

"ताई, आपली मशीन बंद हाय, हेड गेलं तिचं. येक फ्लेक्स तिकडंच छापून दे. त्योच पिच्चर पुन्हा लावतोय, गोचिडवाला. पोस्टर तेच घे. अन् वर कोपऱ्यात पेंटरसाबचा फोटो टाक."

मागं कसलंसं इंजिन धडधडत होतं. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. वर कोपऱ्यात. कधी, कसे, शेवटी काय झालं होतं, काहीच विचारायचा धीर झाला नाही. विचारलं असतं तर, तू दोन वर्षं कुठं होतीस, हे पुढचं वाक्य माझं मलाच ऐकू येत होतं. "बरं," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

फोटो माझ्याकडं होता. दुकानाच्या दसऱ्याच्या पूजेचा, कानावर ब्रश, मिशा काळ्याभोर, कलप लावलेल्या. डाव्या कोपऱ्यात तो दाढीवाला होता, म्हणून काकांना उजव्या कोपऱ्यात घेतलं. आणि माझ्या हातानं फिकं करत गेले. हात थांबेना. थोडं आणखी, थोडं आणखी. डोळ्यांत पाणी असताना फिकेपणाचा अंदाज येत नाही, हे काकांनी शिकवलं नव्हतं. रात्रीच्या आत छापून सिरसाळ्याच्या गाडीवर टाकला, आणि बाजारच्या दिवशी दुकान बंद करून मीही निघाले. पर्समध्ये तो सहा नंबरचा ब्रश घेतला होता. फोटोपुढं ठेवीन म्हणून.

सिरसाळ्यात उतरले तर गोदामापुढं ही गर्दी! फ्लेक्सला हार घातलेला, खाली कोणीतरी नारळ फोडलेला, उदबत्त्या धुमसत होत्या. पाती घेतलेल्या पोरीच्या कपाळावरही कोणीतरी गडबडीत कुंकू लावलं होतं. माणसं टोप्या काढून उभी. आमच्या बाजारातल्या सगळ्यांना कोपरा कळत होता, तो काकांनीच दहा वर्षं बसून शिकवला होता. एक सोडून. रशीदभाई मेकॅनिक माणूस, त्यांना मशीनचा कोपरा न् कोपरा कळायचा, फ्लेक्सचा नाही. लोक त्यांना येऊन भेटत होते. "लई वाईट झालं," म्हणत होते. आणि रशीदभाई त्यांच्या मशीनच्या दुःखात बुडालेले, "काय करता, जुनंच होतं, दोनदा रिपेर केलतं," असं प्रत्येकाला सांगत होते.

सोपाननाना फ्लेक्सखाली उभे राहून बोलत होते. "खोटं सांगायचा, पन जीव लावून सांगायचा. मी त्याला नगं ते बोललो. दोन वर्सं मेंढरांमागं फिरताना आमी येकच बोलतोय, वस्ताद कसा वाचला आसंल? या मानसाला इचारायचं राहूनच गेलं." त्यांच्याशेजारी उपरण्यानं तोंड गुंडाळलेला एक माणूस होता, त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतोय.

एक वाजला. सगळी गर्दी तशीच आत गेली, दुःखात असली तरी पोती घेऊन. मी मागं भिंतीशी उभी राहिले. दिवे गेले, पडदा उजळला आणि पडद्यावर एक सावली आली. कानावर हात नेणारी. उपरणं सोडत काका उजेडात येऊन उभे राहिले.

मग सोपाननाना ओरडले, "आरं हा तर मेलता की!"

"गोचीड झालं का काय बे!" मागून कोणीतरी म्हणालं आणि गोदाम असं हसलं की खिडक्यांचे फ्लेक्स हलले. रशीदभाई प्रोजेक्टरमागून विचारत होते, "कोन मेलतं? कोन?" मला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

काकांनी हात वर केला. गोदाम शांत झालं.

"वस्ताद कसा वाचला, ते सांगायचं राह्यलं होतं," ते म्हणाले. "दोन वर्सं मलाच गवसत न्हवतं. आज सकाळी गवसलं. ऐका. वस्तादानं दार आतून लावलं, इथवर आलतो आपन. पोरीनं दार बडवलं, बडवलं, अन् गेली. सकाळ झाली. फटीतून ऊन आलं. गोचिडं राख झाली. म्हाताऱ्यानं दार उघडलं, भाईर आला. पोरगी न्हाई. ती दूर शेहराला गेलती. तिथं तिनं वस्तादाचा फोटो लावला, रडली, अन् कामाला लागली. कोपऱ्यातला जो फोटो मी तुमाला मेलेल्याचा म्हनून दाखवला, तो तिनं लावलेला. तो मेलाच न्हवता. लावनारीनं बघितलं न्हवतं."

मी भिंतीला आणखी चिकटले. काकांचे डोळे अंधारात मला शोधत नव्हते. त्यांना मी कुठं उभी आहे ते आधीच माहीत होतं.

"पोरगी वाईट न्हवती," ते म्हणाले. "माया लई होती. म्हनून तर बघायचा धीर झाला न्हाई. येकदा परत यिऊन दार ढकलून बघायचं, तेवढंच राह्यलं तिच्याकडून. वस्ताद वाट बघत बसला न्हाई. कोट घातला अन् सोताच तिच्याकडं निघाला. आता बघा, दहाव्या मिनिटाला येतोय."

तो बरोबर दहाव्या मिनिटाला आला. कोट खुंटीला अडकवून त्यानं कॉफी मागितली, आणि सोपाननाना उभे राहिले, पटका सारखा केला आणि पडद्याला हात जोडून म्हणाले, "राम राम वस्ताद. चुकलं आमचं." मग एकेक जण उठला. त्या परदेशी म्हाताऱ्याला एवढा मान त्याच्या देशात मिळाला नसेल. त्या दुपारी कोणी तंबाखू मळली नाही.

खेळ सुटल्यावर रशीदभाईंनी दोन्ही कान पकडले. "ताई, मला काय म्हाईत वर टाकलं की मरतंय? वर चांगलं दिसतं म्हनून बोललो. पेंटरसाबला मीच बोलावलं, मागचं तेच सांगनार, येवढंच पब्लिकला कळवायचं होतं." आता दर बाजारी काकाच मागचं सांगतील, हेही त्यांनी तिथंच जाहीर केलं.

काका बाहेर फ्लेक्सपुढं उभे होते, कमरेवर हात. मी जवळ गेले. पाया पडावं की माफी मागावी ते कळेना. पर्समधून ब्रश काढला आणि पुढं धरला.

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. फोटोकडंच बघत म्हणाले, "फोटो लई फिका केलास, बाई. नव्या मेलेल्याला येवढं फिकं करत न्हाईत. हे पनजोबाला करतेत."

"चुकलं, काका."

"चुकलंच. दोन वर्सात समदं इसरलीस." मग ब्रश घेतला, अंगठ्यानं केस मोडून पाहिले. कडक झाले होते. रशीदभाईंच्या गॅरेजमधून घासलेट आणि काळ्या रंगाचा डबा आणवला, ब्रश मऊ केला, शिडी लावली. मी शिडी धरली. हार बाजूला सारून काकांनी स्वतःच्या मिशा भरायला घेतल्या, एक एक केस, सावकाश. रेघ सरळ येत होती. मग भुवया. मग कानावरचा ब्रश. खाली माणसं गाड्या सोडून बघत उभी राहिली.

"काका, फ्लेक्सवर रंग बसत नाही," मी खालून म्हणाले. हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

"न्हाईच बसत. पंधरा दिसात उडतोय." त्यांनी मिशीला शेवटचा पीळ दिला आणि प्रथमच खाली माझ्याकडं बघितलं. "मग पंधरा दिसांनी यावं लागंल तुला, उडला का बघायला."

"येते," मी म्हणाले.

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी, बाजारच्या दिवशी, माझं दुकान बंद असतं.